मांडव दारात, कर्ज दाराबाहेर

लग्न देखणं हवं आणि खिशालाही झेपायला हवं. हे जमतं का? डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून पाहिलं तर नक्की जमतं. आणि नाही जमवलं तर काय होतं, हेही याच मातीला सगळ्यात चांगलं ठाऊक आहे.

परीक्षा संपत आल्या की कॉलेजच्या ग्रुपवर दोनच विषय उरतात: निकाल आणि लग्नं. कुणाच्या दादाचं, कुणाच्या मावशीच्या मुलीचं, आणि हळूहळू आपल्याच वर्गातल्या कुणाचं तरी. मग हळदीची रील येते, डीजेचा आवाज फोनमधूनही छातीत धडधडतो, ड्रोनचा शॉट येतो. आपण लाइक करतो आणि पुढे सरकतो. या सगळ्याचे पैसे कुठून आले, हा प्रश्न रीलमध्ये नसतो.

आज तोच प्रश्न विचारू. त्यासाठी मुंबईतल्या एखाद्या बँक्वेट हॉलमध्ये जायची गरज नाही. कासा-सायवन रस्त्यानं आत या. सायवन म्हणजे डहाणू तालुक्यातलं डोंगराच्या बाजूचं गाव. पाडे विखुरलेले, शेती पावसाच्या भातावरची. भात झोडून झाला की अनेक घरं कामासाठी बाहेर पडतात: कुणी वीटभट्टीवर, कुणी बांधकामावर, कुणी वापीकडच्या कारखान्यांत. चैत्र-वैशाखात माणसं गावी परततात आणि लग्नांचा हंगाम सुरू होतो. त्याच सुमारास विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्राही असते. म्हणजे वर्षभराची कमाई हातात येते तेव्हाच ती खर्च होण्याचेही दिवस येतात.

'लग्नगडी' हा शब्द ऐकलाय?

नसेल ऐकला, तर आजी-आजोबांना विचारा. स्वातंत्र्याच्या आधी डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यात 'लग्नगडी' नावाची एक जिवंत व्यवस्था होती. लग्नासाठी आदिवासी तरुण जमीनदाराकडून शे-दोनशे रुपये कर्ज घ्यायचा. फेडायला रोख नसायची, म्हणून तो त्याच्याकडे राबायचा. लग्न करून आणलेली बायकोही राबायची. हिशोब जमीनदाराच्या वहीत आणि वही वाचता येत नाही, त्यामुळे कर्ज कधी फिटतच नसे. बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर यायचं. आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस हाच गुलामगिरीचा पहिला दिवस ठरायचा.

मुंबई प्रांताच्या सरकारनं डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याकडून आदिवासींच्या स्थितीची पाहणी करून घेतली होती. 1930 च्या दशकाच्या शेवटी आलेल्या त्या अहवालात लग्नासाठीच्या कर्जातून येणाऱ्या या दास्याची नोंद आहे. पण अहवालानं कुणी सुटलं नाही. 1945 मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेनं वारल्यांना संघटित केलं. त्या वर्षी मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी मोठी परिषद झाली. वेठ करायची नाही, हा निर्धार तिथून पाड्यापाड्यांवर पोचला आणि गावोगावचे लग्नगडी मोकळे होऊ लागले. ही सगळी हकिगत गोदावरीताईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात आहे. 1970 साली आलेलं हे पुस्तक पुढे साहित्य अकादमीच्या पुरस्कारानं गौरवलं गेलं. कॉलेजच्या लायब्ररीत असेल तर या सुट्टीत काढाच.

वेठबिगारी बंद करणारा देशव्यापी कायदा 1976 मध्ये आला. म्हणजे प्रश्न संपला? कागदावर, हो. पण वीटभट्टीच्या हंगामाआधी मिळणारी 'उचल' आठवा. मुकादम आगाऊ रक्कम देतो, ती लग्नात किंवा आजारपणात जाते, आणि मग अख्खं कुटुंब हंगामभर ती फेडत राहतं. पोरांची शाळा बुडते ती वेगळीच. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नव्हे, हे खरं. पण आधी लग्न, मग कर्ज, मग अंगमेहनतीनं फेड, ही साखळी ओळखीची वाटते ना?

व्याजाचं गणित, दिवसांत

आता थोडा हिशोब करू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या घरचे घालून बघा.

समजा, लग्नासाठी 50 हजार रुपये 'शेकडा तीन'नं घेतले. ऐकायला तीन म्हणजे काहीच नाही. पण हा दर महिन्याचा. म्हणजे महिन्याला 1,500 आणि वर्षाला 18 हजार रुपये फक्त व्याज. मुद्दल जागच्या जागी. महाराष्ट्रात 2025-26 साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. भागाकार करा: जवळपास 58 दिवस. वर्षातले दोन महिने माणूस फक्त त्या एका दिवसाच्या डीजेसाठी, लायटिंगसाठी आणि जादा पंगतीसाठी उन्हात काम करणार.

आणि हे व्याज कायदेशीरही नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 मध्ये आला. त्याखाली ठरवलेल्या दरांनुसार परवानाधारक सावकारालाही विनातारण कर्जावर शेतकऱ्याकडून वर्षाला 12 टक्के आणि इतरांकडून 18 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के, म्हणजे निदान दुप्पट. विनापरवाना सावकारी तर गुन्हाच. डहाणू आणि तलासरी हे अनुसूचित क्षेत्र आहे, त्यामुळे इथे 1996 चा पेसा कायदा लागू होतो. आदिवासींना दिल्या जाणाऱ्या सावकारी कर्जावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार त्या कायद्यानं ग्रामसभेला आणि पंचायतीला देऊ केला आहे. अठरा वर्षं पूर्ण झालेला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. म्हणजे तुम्हीसुद्धा. हा विषय ग्रामसभेत शेवटचा कधी निघाला होता?

वरून आलेले नियम का टिकत नाहीत?

लग्नाच्या खर्चाला लगाम घालायची भाषा नवी नाही. लोकसभेत जसबीर सिंग गिल यांनी 2020 मध्ये खासगी विधेयक मांडलं: दोन्ही बाजूंचे मिळून शंभर पाहुणे, दहाच पदार्थ, आहेर अडीच हजारांपर्यंत. त्याचा कायदा झाला नाही. करोनात मात्र सरकारनं खरंच मर्यादा घातली. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात लग्न दोन तासांत, 25 माणसांत उरकायचं होतं, नाहीतर 50 हजारांचा दंड. तेव्हा अनेक घरांनी सुटकेचा श्वास टाकला: 'नियमच आहे, आम्ही काय करणार!' निर्बंध उठले आणि सगळं पूर्ववत झालं. 2025 मध्ये पुण्यातल्या एका विवाहितेच्या मृत्यूनंतर हुंडा आणि थाटमाटाच्या लग्नांवर राज्यभर चर्चा झाली, मराठा समाजाच्या बैठकांत लग्नाची आचारसंहिताही ठरली.

हे प्रयत्न चुकीचे नाहीत. पण एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटते. गरीब घर लग्नात खर्च करतं ते नुसतं मिरवायला म्हणून नाही. पंगतीला बसलेली माणसंच उद्या आवणीला येतात, आजारी माणसाला रस्त्यापर्यंत उचलून नेतात, अडीनडीला भात देतात. ज्या गावात बँक लांब आणि दवाखाना त्याहून लांब, तिथे नातेवाईक हाच विमा. 'पाहुणे कमी करा' हा शहरी सल्ला इथे म्हणूनच लागू पडत नाही. बोलावलं नाही तर राग येतो, आणि त्या रागाची किंमत मोजावी लागते.

म्हणून प्रश्न थोडा फिरवून विचारू: माणसं न तोडता पैसे कुठे वाचतात?

एक पंगत की तीन?

पुन्हा समजा. हळदीला 300 ताटं, लग्नाला 500, दुसऱ्या दिवशी आणखी 100. एकूण 900. केटररचं ताट 120 रुपये धरलं तर 1 लाख 8 हजार. आता यातली बरीच माणसं तिन्ही वेळा तीच आहेत. हळद घरच्यांपुरती ठेवली आणि सगळ्या गावासाठी एकच मोठी पंगत केली, तर 400 ताटांत भागतं. तांदूळ घरचा किंवा आहेरात आलेला, स्वयंपाक पाड्यातल्या बचत गटाचा, डाळ-भात, एक भाजी, एक गोड. ताट 90 रुपयांत बसवलं तर 36 हजार. 72 हजार रुपये वाचले.

धान्याचा आहेर ही काही हार नव्हे. लग्नघरी तांदूळ, पैसे, लाकूडफाटा घेऊन जायचं आणि मांडवाला हात लावायचा, ही आपली जुनीच रीत. मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागात भिल्ल समाजात 'नोतरा' नावाची पद्धत आहे. गरज असलेलं घर सगळ्यांना बोलावतं, प्रत्येक जण ठरावीक रक्कम देतो, त्याची नोंद ठेवली जाते, आणि त्याच्या घरी कार्य निघालं की ती परत दिली जाते. व्याज नाही, सावकार नाही. आपल्या पाड्यावर दहा-पंधरा घरांनी अशी वही सुरू केली, तर ती सांभाळायला बी.कॉम.ची एक मुलगी पुरेशी आहे.

खर्चाचा कागद, आधी

एका छोट्या लग्नाचा कागद बघा. मर्यादा एक लाख, दोन्ही घरांनी निम्मी-निम्मी उचललेली. जेवण 36 हजार. मांडव, भांडी, पाण्याची टाकी 12 हजार. दोघांचे कपडे 12 हजार. दागिने 10 हजार. गाड्या 6 हजार. वाजंत्री आणि धवलेरीचा मान 6 हजार. फोटो 6 हजार. पत्रिका 1 हजार, कागदपत्रं 1 हजार. उरलेले 10 हजार राखीव, कारण लग्नात काहीतरी ऐनवेळी निघतंच. बेरीज बरोब्बर एक लाख.

'दागिने 10 हजार?' असं कुणीतरी म्हणणारच. 2025 मध्ये दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाखाच्या वर गेला. दहा हजारांत एक ग्रॅमही नीट येत नाही. मग मण्यांची माळ, थोडी चांदी, आणि सोनं नंतर, स्वतःच्या कमाईतून. एका दिवसासाठी आईची गाठ गहाण टाकण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

हा कागद दोन्ही घरांनी एकत्र बसून, साखरपुड्याआधी लिहायचा. हे सगळ्यात अवघड काम आहे, कारण आपल्याकडे खर्च 'मोठी माणसं' ठरवतात आणि लग्न करणारे दोघं गप्प बसतात. बोला. 'मामा, तुमचा मान ठेवूनच सांगतो, डीजे नको, त्याऐवजी तुम्ही वाजंत्री ठरवा' असं म्हटलं की मामाचाही मान राहतो आणि पैसेही. तसंही रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला कायद्यानं मनाई आहेच.

देखणं म्हणजे काय?

आता मुख्य मुद्दा. कमी खर्च म्हणजे लग्न फिकं, असं आपल्याला का वाटतं?

गंमत बघा. मोठ्या शहरांतल्या महागड्या लग्नांत 'वारली थीम' असते. पत्रिकेवर वारली, बॅकड्रॉपवर वारली, रिटर्न गिफ्टवर वारली. आणि ज्या कुडाच्या भिंतीवरून ते चित्र उचललं, तिथे आज प्लास्टिकच्या फुलांची कमान आणि फ्लेक्स.

हे चित्र मुळात लग्नाचंच आहे. वारली लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर चौक लिहिला जातो. गेरूनं, शेणानं सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी. लिहितात सवाष्णी बायका. चौकात पालघट देवी बसते आणि चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न लावते धवलेरी, म्हणजे एक बाई, गाण्यांतून. पुरोहित बाई असणं हे शहरात आज बातमी होतं. इथे ती पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. गंजाडजवळच्या कलंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर नेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. जगानं ज्याला सुंदर म्हटलं, त्याचा कच्चा माल आहे मूठभर तांदूळ.

मग मांडव बांबूचा आणि आंब्या-जांभळाच्या डहाळ्यांचा का नको? पत्रावळ्या पळसाच्या का नकोत? थर्माकोलच्या ताटांवर तर राज्यात 2018 पासून बंदीच आहे. भिंतीवर चौक, दारात डहाळी, संध्याकाळचा मऊ उजेड: फोटोही छान येतात, आणि ते दुसऱ्या कुणाच्या फोटोसारखे दिसत नाहीत. शिवाय डीजेचा रुपया गावाबाहेर जातो, वाजंत्री, धवलेरी आणि बचत गटाचा रुपया पाड्यावरच राहतो.

एक सावध सूचना. परंपरा स्वस्त आहे म्हणून ती फुकट मागू नका. ज्या बाया रात्रभर चौक लिहितात, जी धवलेरी तासन्‌तास गाते, त्यांचा मान आणि मोबदला कागदावर आधी लिहा. काटकसर त्यांच्यापासून सुरू होता कामा नये.

आणि हे फक्त वारल्यांपुरतं नाही. या भागात कोकणा, दुबळा, धोडिया, मल्हार कोळी अशी अनेक घरं आहेत, प्रत्येकाची स्वतःची रीत आहे. साध्या लग्नाची वाट महाराष्ट्रात इतरत्रही आहेच. सत्यशोधक समाज स्थापन झाला त्याच वर्षी, 1873 च्या डिसेंबरमध्ये, पुण्यात भटजीशिवाय आणि अवडंबराशिवाय सत्यशोधक लग्न लागलं. साधेपणा तेव्हाही गरिबीची खूण नव्हता, तो घेतलेला निर्णय होता.

कागद विसरू नका

पालघर जिल्ह्यात अशी अनेक जोडपी आहेत, जी केवळ लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून वर्षानुवर्षं लग्नाविना एकत्र राहतात. मुलं होतात, मोठी होतात, आणि मग कधीतरी सामूहिक सोहळ्यात आई-बाप बोहल्यावर चढतात. यात लाजण्यासारखं काही नाही, समाजानं त्यांना कधी वाळीत टाकलेलं नाही. अडचण येते ती सरकारी खिडकीवर: रेशनकार्डात नाव, योजना, वारसाहक्क, पेन्शन.

म्हणून मांडव लहान असो की मोठा, नोंदणी कराच. महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्यानुसार लग्नानंतर 90 दिवसांत नोंदणी करायची असते, आणि गावात ती ग्रामपंचायतीतच होते. जात-धर्म वेगळे असतील किंवा कुठलाच विधी नको असेल, तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे: विवाह अधिकाऱ्याकडे 30 दिवस आधी नोटीस, तीन साक्षीदार, आणि शुल्क अगदी किरकोळ. दोन्हीकडे वयाची अट एकच, मुलगी 18 आणि मुलगा 21 पूर्ण. 'हंगाम निघून जाईल' म्हणून सतराव्या वर्षी लावलेलं लग्न कितीही स्वस्तात झालं तरी परवडणारं नाही.

सामूहिक विवाहासाठी आदिवासी विकास विभागाची कन्यादान योजना आहे. चौकशी डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करा, सध्याची रक्कम आणि लागणारे दाखले तिथे कळतील. 'सामूहिक म्हणजे रांगेतलं लग्न' असं वाटत असेल, तर एकाच पाड्यावरच्या चार-पाच जोडप्यांनी मिळून एक मांडव, एक स्वयंपाक आणि एकच वाजंत्री ठरवायला कुणाची परवानगी लागत नाही. चौक मात्र प्रत्येकाच्या घरात वेगळा.

तुमच्या हातात काय आहे?

तुमचं लग्न कदाचित अजून लांब आहे. पण घरात दादाचं किंवा ताईचं ठरत असेल, तर घरातला सगळ्यात जास्त शिकलेला माणूस बहुतेक तुम्हीच आहात. व्याजाचा दर वर्षाचा करून सांगणं, ताटांचा गुणाकार करणं, कर्जाच्या कागदावर अंगठ्याआधी नजर टाकणं ही कामं तुमची. लग्नगडीला वही वाचता येत नव्हती. तुम्हाला येते.

आणखी एक आकडा त्या कागदावर लिहा: पुढच्या वर्षीची कॉलेजची फी, होस्टेल, बसचा पास. लग्नाचं बजेट फुगलं की पहिली कात्री यालाच लागते, आणि बहुतेक वेळा ती धाकट्या बहिणीच्या शिक्षणाला लागते. तेवढी रक्कम आधी बाजूला काढा, जमल्यास तिच्याच खात्यात टाका. उरलेल्या पैशांत मांडव कसा सजवायचा ते मग सगळे मिळून ठरवा.